गेटवरचा माणूस

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांची पोरं शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

परवा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. त्याआधी आठवडाभर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय. कोणीतरी अमेरिकेतल्या शाळेतल्या गोळीबाराचा व्हिडिओ टाकला. त्याखाली दुसऱ्याने उत्तराखंडातल्या काशीपूरची बातमी टाकली, नववीतल्या पोराने डब्यात कट्टा लपवून आणला आणि शिक्षकावर गोळी झाडली ती. मग सुरू झालं. "आपल्या शाळेत काय सोय आहे?" "मेटल डिटेक्टर कधी बसवणार?" "फी घेता तेव्हा बरोबर आठवण येते." सभेत एक पालक तर कोटेशनच घेऊन आले. दारासारखी चौकट, हातात धरायची दोन यंत्रं, सोळा जास्तीचे कॅमेरे. पहिल्या वर्षी मुलामागे बाराशे रुपये, पुढे देखभालीचे दरवर्षी तीनशे. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका मॅडमनी कोटेशन ठेवून घेतलं आणि पुढच्या सभेत निर्णय घेऊ म्हणाल्या.

मी मागच्या बाकावर होतो. बोलायचं होतं, पण उठलो नाही. उठलो असतो तर एका माणसाबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर कुठे सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

पण आधी बंदुकीचंच बघू, कारण भीती तिचीच आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

आपल्या देशात शाळेत गोळी चालणं दुर्मिळ आहे. अमेरिकेसारखं दुकानात जाऊन रायफल विकत घेता येत नाही, परवान्यासाठी चपला झिजतात, हे आपलं नशीब समजा. तरी घटना घडलेल्या आहेत. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, पिस्तूल घरातलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्याच यमुनानगरला बारावीतल्या मुलाने मुख्याध्यापिकेला मारलं, रिव्हॉल्व्हर वडिलांची. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौलला नर्सरीतलं, हो नर्सरीतलंच, पोरगं दप्तरात पिस्तूल घेऊन आलं आणि मोठ्या वर्गातला मुलगा जखमी झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छतरपूर जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत बारावीतल्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांचा जीव घेतला. आणि ऑगस्ट २०२५ मधलं काशीपूर. तिथलं कारण काय, तर शिक्षकाने थोबाडीत मारली होती.

आता या पाचही ठिकाणी एक गोष्ट बघा. हत्यार घेऊन कोण आलं? कोणी अतिरेकी नाही, भिंतीवरून उडी मारून आलेला गुंड नाही. त्याच शाळेचं पोरगं. रोजच्याच गेटातून. गेटवर कोणी असलंच तर त्याने उलट "चल लवकर, घंटा झाली" म्हणून आतच पाठवलं असेल.

हत्यार मिळतं कुठून हा वेगळा विषय. मी क्राइम बीट करत होतो तेव्हा "एक देशी कट्टा व दोन जिवंत काडतुसे" ही ओळ इतक्या वेळा टाइप केली आहे की बोटांना पाठ झाली. मध्य प्रदेशची सीमा आमच्या सावनेरपासून फार लांब नाही. तिकडे जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टीचं नाव तर राज्यभरातल्या पोलिसांना माहीत आहे. कट्टा परवाना विचारत नाही. म्हणजे उद्या आपल्याकडे असं काही होणारच नाही अशी छातीठोक खात्री मी देणार नाही.

पण मग चौकट बसवून भागतं का?

ज्यांच्याकडे हे संकट सगळ्यात मोठं आहे त्यांनी यावर अभ्यास केला आहे. तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून १९७४ ते २००० मधल्या शाळांवरच्या ३७ हल्ल्यांची चिरफाड केली, २००२ मध्ये अहवाल काढला. त्यात असं निघालं की १०० पैकी ८१ प्रकरणांत हल्ल्याआधी निदान एका माणसाला तरी कल्पना होती. आणि तो माणूस बहुतेक वेळा बरोबरीचा पोरगाच. मित्र, वर्गमित्र, भाऊ. "उद्या बघ काय करतो" असं काहीतरी ऐकलेला. त्याने ते मोठ्यांना सांगितलं नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं किंवा सांगितलं तर आपल्यालाच रागावतील असं वाटलं.

दुसरं उदाहरण टेक्सासमधल्या उवाल्डेचं. २४ मे २०२२. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या दिवशी शाळेवर ३७६ पोलीस अधिकारी-कर्मचारी जमले होते. तीनशे शहात्तर! वर्गात शिरून हल्लेखोराला संपवायला त्यांना ७७ मिनिटं लागली. आणि तो आत कसा आला, तर ज्या दाराचं कुलूप नीट लागलं नव्हतं त्या दारातून. कुलूप लागलंय का बघायला तिथे माणूस नव्हता. बंदुकीवाले शेकडो, कडी बघणारा एकही नाही.

आता आपल्याकडे या. नागपुरात शाळेच्या वयाच्या मुलांचा घात कसा झाला आहे?

सप्टेंबर २०१४. लकडगंज भागातला आठ वर्षांचा मुलगा. तारीख १, सोमवार. नागपूरकरांना ही तारीख आजही आठवते. पोरगं शाळेच्या बसमधून घरासमोर सुखरूप उतरलं. अपार्टमेंटच्या वॉचमनच्या हातात दप्तर दिलं आणि स्कूटरवर आलेल्या माणसाबरोबर निघून गेलं. वडिलांच्या दवाखान्यात पूर्वी कामाला असलेला माणूस या कटात होता, आणि नेणारा अंगात दवाखान्याचाच टी-शर्ट घालून आला होता. मुलाने का घाबरावं? वॉचमनने तरी का अडवावं? दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला तो पाटणसावंगीच्या बाजूला, लोणखैरीच्या शिवारात. आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. मी त्या दिवशी तिथे होतो. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. खटला चालला, फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ती बदलून सुटकेविना २५ वर्षांची कैद दिली.

त्याच्या तीन वर्षं आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, असाच आठ वर्षांचा दुसरा मुलगा खंडणीसाठी पळवून मारला गेला. तिथेही आरोपी ओळखीचा तरुण. २०११ च्याच मार्चमध्ये नंदनवनला इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी भर रस्त्यात भोसकून मारली गेली, आणि तपासात काय निघालं तर मारेकऱ्यांना मारायची होती दुसरीच मुलगी. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटच्या नंदोरी चौकात तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळलं. ती कॉलेजला चालत निघाली होती. कित्येक दिवसांपासून त्रास देणारा, गावातलाच माणूस. सात दिवस ती नागपूरच्या दवाखान्यात झुंजली.

यातली एकही घटना मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेलेली नाही. मी मुद्दाम शोधून तशाच घटना काढल्या नाहीत हो. आपल्या भागातल्या लोकांना ज्या आठवतात त्या याच आहेत.

आणि मग बदलापूर. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली, आणि आरोपी कोण तर शाळेतलाच सफाई कर्मचारी. कंत्राटी पद्धतीने घेतलेला, त्याच महिन्यात लागलेला. कुठून आला, आधी काय करत होता, कोणी विचारलं? पालकांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा राज्य जागं झालं. आणि कॅमेऱ्यांचं म्हणाल तर त्या शाळेतलं मधल्या काळातलं फुटेजच मिळत नाही हे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकरांनीच सांगितलं होतं. कॅमेरा होता. भिंतीवर लटकलेला होता.

दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासन निर्णय निघाला. सगळ्या शाळांत महिनाभरात सीसीटीव्ही, नाहीतर अनुदान रोखू, मान्यता काढू. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा फुटेज तपासायचं. नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. तक्रारपेटी. सखी सावित्री समिती. काही घडलं तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं. कागद वाचला तर चांगला आहे, खरंच चांगला आहे. पण त्यातलं नवीन किती? सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा. तक्रारपेटीचा २०१७ चा. पडताळणीचं सीबीएसईने सप्टेंबर २०१७ मध्येच, गुडगावच्या शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला तेव्हा, आपल्या सगळ्या शाळांना कळवलं होतं. दोन महिन्यांत पूर्ण करा म्हणून. मुंबई हायकोर्टाने बदलापूरनंतर समिती नेमली, तिच्या शिफारशी आल्या, २०२५ मध्ये पुन्हा सूचना निघाल्या.

एका गावात मी सहज तक्रारपेटी बघायला मागितली. लाल रंगाची, कुलूपवाली, व्हरांड्यात. किल्ली सापडेना. तीन कपाटं उघडली, दोन पर्स उलट्या केल्या. शेवटी उघडली तर आत चॉकलेटचे कागद आणि एक चिठ्ठी, "शनिवारी लवकर सोडा". सगळे हसले, मीही हसलो. पण त्या पेटीत एखाद्या पोरीने खरंच काही लिहून टाकलं असतं तर ते किती दिवस तसंच पडून राहिलं असतं, हे गाडीवर बसल्यावर डोक्यात आलं.

आता यातली गंमत बघा. एकीकडे हे कागद निघत होते, दुसरीकडे ११ डिसेंबर २०२० चा आणखी एक शासन निर्णय आहे, त्याबद्दल पालकांच्या ग्रुपवर कधी एक मेसेज आला नाही. अनुदानित शाळांतली शिपायांची पदं. जुना शिपाई निवृत्त झाला की ते पद संपलं. नवीन भरायचं नाही. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता, ग्रामीण भागासाठी महिन्याला पाच हजार. पाच हजारांत या महागाईत कोण येतो? अर्धवेळ कोणीतरी येतो, चार महिन्यांनी सोडून जातो, मग दुसरा. आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर शिपाई कधी नव्हताच. तिथे घंटा पोरं वाजवतात, कुलूप गुरुजी लावतात, आणि कंपाउंड नसेल तर बकऱ्या थेट वर्गात. भिंत मनरेगातून घेता येत होती, ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर. आमच्या तालुक्यात काही सरपंचांनी घेतलं, काहींनी नाही.

शिपाई म्हणजे फक्त चहा आणणारा माणूस असं ज्याला वाटतं त्याने आपल्या शाळेतला शिपाई आठवावा. माझ्या शाळेतल्या शिपाईकाकांना कोणाचा बाप दारू पितो, कोण डबा आणत नाही, कोणत्या पोराच्या मागे मोठी पोट्टी लागली आहेत, सगळं माहीत असायचं. हेडमास्तरांना माहीत नसायचं, त्यांना असायचं.

आता त्या माणसाबद्दल.

सप्टेंबर २०१७. गुडगावची घटना नुकतीच झाली होती. तेव्हा मी एका दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत होतो. डेस्कवरून आदेश, शहरातल्या शाळांचा रिअॅलिटी चेक करा. फोटोग्राफर आणि मी निघालो. दिवसभरात पाच शाळा. एका शाळेच्या गेटवर, दुपारी दोन-सव्वादोनची वेळ, वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून झोपलेला. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट, पायात स्लीपर. फोटोग्राफरने तीन फोटो काढले. मी हातात एक बंद पाकीट घेऊन त्याच्या बाजूने आत गेलो. पहिल्या मजल्यावर गेलो, चौथीच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो. बाईंनी "काय पाहिजे?" विचारलं तेव्हा म्हटलं, "ऑफिस कुठे आहे?" त्यांनी बोट दाखवलं. संपलं.

दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या पहिल्या पानावर फोटो. चेहरा स्पष्ट. वर हेडिंग माझंच होतं, "मुलं रामभरोसे, चौकीदार झोपेत!" खूप गाजलं. संपादकांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं. शाळेने त्याच दिवशी "कडक कारवाई" केली, म्हणजे त्याला काढलं. ती पण आम्ही बातमी केली. इम्पॅक्ट, असा शिक्का मारून.

दोन वर्षांनी कोराडी रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्नाला गेलो होतो. पार्किंगला शिटी वाजवत एक माणूस गाड्या लावत होता. माझी गाडी लावून झाल्यावर म्हणाला,

"तुम्ही ते पेपरवाले ना जी?"

मी ओळखलं नाही. त्याने सांगितल्यावर ओळखलं. खरं सांगतो, पहिला विचार आला की हा आता मारणार. तो काही चिडलेला नव्हता. उलट मला बसायला त्याचीच खुर्ची दिली.

"झोप लागली होती, खोटं काऊन सांगू. रात्री एटीएमवर ड्युटी करत होतो, दिवसा शाळेत. ठेकेदार साडेसहा हजार देत होता. दोन्ही मिळून घर चाले."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही.

"दोन ते अडीच डोळा लागे माहा. अडीचले पोरं सुटत, त्याच्या आधी पाच मिनिटं आपोआप जाग येत होती जी. एक दिवस नाही चुकली."

मग त्याने एक एक करून सांगायला सुरुवात केली, आणि ते मला आजपर्यंत विसरता आलं नाही. कोणत्या पोराचा ऑटो कोणता. कोणाला आजोबा घ्यायला येतात आणि आजोबांना नीट दिसत नाही म्हणून हा पोराला रस्ता ओलांडून नेऊन देत असे. केजीतल्या एका मुलीची आई नोकरीवरून उशिरा येई, तेव्हा ती पोरगी साडेतीनपर्यंत त्याच्या खुर्चीजवळ बसून चित्रं काढायची. दुसरीतला एक मुलगा, त्याच्या आईबापाचं कोर्टात चाललं होतं. आईने येऊन सांगून ठेवलं होतं, पोरगा माझ्याशिवाय कोणाला द्यायचा नाही. "बाप दोनदा आला. मी म्हटलं, साहेब, ऑफिसातून चिठ्ठी आणा. गेला वापस."

निघताना म्हणाला, "फोटो बाकी चांगला आला होता. बायकोनं कापून ठेवला. तिले वाचता येत नाही, तिले वाटलं माहं काई चांगलंच छापून आलं."

त्यानंतर मी जेवलो की नाही ते आठवत नाही. शगुनाचं पाकीट दिलं आणि निघालो.

पुढचं मला त्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून कळलं. त्याला काढल्यावर शाळेने एजन्सी लावली. निळा युनिफॉर्म, टोपी, शिटी, टेबलावर रजिस्टर. बघणाऱ्याला वाटावं वा! पण दर दोन-तीन महिन्यांनी माणूस वेगळा, कारण एजन्सी आज इथे लावते, उद्या मॉलवर. पहिल्याच वर्षी एका दुपारी तो दुसरीतल्या मुलाचा बाप आला. गार्डने त्याला रजिस्टरमध्ये नाव, वेळ, मोबाइल नंबर लिहायला लावलं, सही घेतली आणि पोरगा दिला. नियमाप्रमाणे सगळं. मोबाइल नंबर खोटा होता. रात्री साडेअकराला भंडाऱ्याच्या नातेवाइकांकडून पोरगा परत मिळाला, त्याला काही झालं नव्हतं. शाळेने आणि घरच्यांनी मिळून ते तिथेच मिटवलं, बातमी कुठे आली नाही. मीही केली नाही. करायची हिंमत नव्हती, कारण बातमीत मग "याआधीचा चौकीदार कुठे गेला" हेही लिहावं लागलं असतं.

कोणी म्हणेल, मग ड्युटीवर झोपणाऱ्याला डोक्यावर घ्यायचं का? नाही घ्यायचं. तो झोपला होता आणि मी आत गेलो होतो, हे खरंच आहे. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर? ती बातमी खोटी नव्हती. पण अर्धी होती. तो का झोपला हा प्रश्न मी विचारला नाही. सोळा-अठरा तास जागणाऱ्या माणसाच्या हातात आपण आठशे पोरं दिली आहेत, आणि त्याला साडेसहा हजार देतो आहोत, हे हेडिंग करायला हवं होतं. ते ठेकेदाराला झोंबलं असतं, शाळेला झोंबलं असतं. फीवाढीच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या आम्हा पालकांनाही झोंबलं असतं. खुर्चीतल्या माणसाचा फोटो सोपा होता.

तर आता मुद्द्यावर. मुलीच्या शाळेत साधारण आठशे मुलं. बाराशे गुणिले आठशे म्हणजे नऊ लाख साठ हजार. महिन्याला ऐंशी हजार झाले. वीस हजार पगाराची चार माणसं येतात त्यात. मान्य आहे, यंत्राचा मोठा खर्च एकदाच आहे आणि माणसाचा दरवर्षी. म्हणजे माणूस महागच पडणार. मी तो द्यायला तयार आहे, आणि तसं लेखी देईन. कॅमेरे नकोत असंही मी म्हणत नाही. जिन्यात हवेत, स्वच्छतागृहाबाहेरच्या पॅसेजमध्ये हवेत, आणि ते कोण बघतं, कधी बघतं त्याची वही हवी. पण आठशे पोरं सकाळी वीस मिनिटांत गेटातून आत जातात. प्रत्येकाच्या दप्तरात कंपास, डबा, पाण्याची स्टीलची बाटली. चौकट प्रत्येकाला टूं टूं करणार. चार दिवस तपासतील, पाचव्या दिवशी आवाज बंद करून ठेवतील. रेल्वे स्टेशनवर बघतोच आपण.

परवा रात्री मुलीला सहज विचारलं. ती सहावीत आहे. म्हटलं, तुझ्या वर्गातल्या कोणी चाकू-बिकू आणला, किंवा कोणी तुला काही घाण बोललं, तर शाळेत कोणाला सांगशील? मला वाटलं वर्गशिक्षिकेचं नाव घेईल. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "बसमधल्या मावशींना."

"का? मॅडमना का नाही?"

"मॅडम आधी विचारतात तू काय केलं होतंस. मावशी नाही विचारत."

शंभरातल्या त्या ८१ जणांची आठवण झाली. ज्यांना माहीत होतं आणि सांगायला कोणी नव्हतं ते. आमच्या पोरीकडे निदान एक नाव तरी आहे. तुमच्या घरी विचारून बघा एकदा, जेवताना. कोणाचं नाव येतं ते बघा. आणि नाव आलंच नाही तर त्यावर रागावू नका.

सकाळी मी शाळेत जाऊन ते कोटेशन मागून घेतलं. पालक म्हणून मागितलं, पत्रकार म्हणून नाही. पहिली दोन पानं यंत्रांची आणि कॅमेऱ्यांची आहेत, सभेत वाचून दाखवली तीच. तिसरं पान सभेत कोणी वाचलं नव्हतं. त्यावर "मॅनपॉवर" असं शीर्षक आहे. यंत्रांबरोबर एजन्सी आपले प्रशिक्षित कर्मचारी देणार, गेटवर आणि बसमध्ये, आणि त्या बदल्यात शाळेने सध्याचे कर्मचारी कमी करायचे. त्यामुळे खर्च कसा वाचतो त्याचा तक्ताही दिला आहे.

आमच्या बसमधल्या मावशी नऊ वर्षांपासून त्याच रूटवर आहेत. प्रत्येक पोराचं घर, मजला आणि दार उघडणारी आजी त्यांना माहीत आहे.

पुढची सभा शनिवारी अकरा वाजता आहे. तिसऱ्या पानाच्या पन्नास झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. आमच्या शाळेतले जे पालक ही पोस्ट वाचत असतील त्यांनी कृपया वेळेवर या. मावशींना अजून यातलं काही माहीत नाही. आज संध्याकाळी पोरीला सोडायला आल्या तेव्हा नेहमीसारख्या म्हणाल्या, "भाऊ, उद्या तिला स्वेटर घालून पाठवा, सकाळी बसमध्ये गारठते ती."